बोटीचा आंबा घाट

रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून मासळी घेऊन कोल्हापूरकडे निघालेला ट्रक साखरपा सोडून आंबा घाटाला लागला, की त्याचा आवाज बदलतो. ड्रायव्हर चौथ्यातून तिसऱ्यात येतो, अवघड वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात. चाकं हळू फिरतात, इंजिन मात्र आपल्या लयीत घुमत राहतं. घाट चढून गाडी शाहूवाडी तालुक्यात आली, चढ संपला, की मलकापूरच्या रस्त्याला तीच गाडी पुन्हा वरच्या गिअरमध्ये पळू लागते. चढाला इंजिन बदलत नाहीत, गिअर बदलतात, हे या भागातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

त्या ट्रकातली मासळी ज्या बोटीने पकडली, तिच्यात कित्येकदा ट्रकाचंच इंजिन असतं. अशोक लेलँडच्या 370 आणि 400 या डिझेल इंजिनांनी वर्षानुवर्षं बस आणि ट्रक ओढले, आणि त्यांच्याच सागरी भावंडांनी किनाऱ्यावरचे ट्रॉलर ओढले. रस्त्यावरचं इंजिन समुद्रावर जाताना त्याचा रेडिएटर जातो आणि समुद्राच्या पाण्याने थंड होण्याची सोय येते. पण सगळ्यांत मोठा फरक वेगळाच असतो. गिअरची पेटी जाते. तिच्या जागी जी पेटी येते तिला तीनच गोष्टी कळतात: पुढे, न्यूट्रल, मागे. बोटीला दुसरा गिअर नसतो.

घाट मात्र तिलाही चढावा लागतो. आणि हा घाट ती स्वतःच पाण्यात उभा करते.

वेगवान बोटींच्या इंजिनांबद्दल जितके गैरसमज आहेत, त्यांतले निम्मे तरी हा घाट न दिसल्यामुळे झालेले आहेत. बोट दाखवली की पहिला प्रश्न येतो, "किती एचपीची?" आपल्याकडे तर तो रक्तातच आहे. पंचगंगेच्या काठावर शेतीला पाणी उपसणारा प्रत्येक जण पाच एचपी, साडेसात एचपी, दहा एचपी याच भाषेत बोलतो. मोटरीला ती भाषा पुरते, कारण विजेची मोटर जवळपास एकाच वेगाने फिरते. बोटीच्या इंजिनाचं तसं नाही. ते सातशे फेऱ्यांपासून सहा हजार फेऱ्यांपर्यंत कुठेही असू शकतं, आणि एचपीचा आकडा त्यातल्या एकाच जागेचा असतो, बहुतेक वेळा अगदी वरच्या टोकाजवळचा.

आधी अश्वशक्ती म्हणजे काय ते नीट पाहू. विहिरीवरची मोट डोळ्यांसमोर आणा. 75 किलो वजनाचं पाणी एका सेकंदात एक मीटर वर आलं, तर एक अश्वशक्ती खर्च झाली. हे मेट्रिक माप, म्हणजे सुमारे 735 वॅट. जेम्स वॅटने अठराव्या शतकात ठरवलेलं इंग्रजी माप 746 वॅटचं. व्याख्येत वजन आहे, अंतर आहे आणि वेळ आहे. म्हणजे अश्वशक्ती हे ताकदीचं माप नाही. ताकद किती लवकर कामाला लागते, त्याचं ते माप आहे.

टॉर्क म्हणजे नुसता पीळ. ट्रॅक्टरच्या चाकाचा नट सुटत नाही तेव्हा आपण पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवतो. माणूस तोच, त्याचं वजन तेच, पण दांडा लांबला आणि नट सुटला. पीळ वाढला, अश्वशक्ती वाढली नाही. जुन्या गुऱ्हाळात चरकाला लांब लाकूड जोडून बैल गोल फिरवत, त्यामागेही हेच होतं. आखूड लाकडाने ऊस पिळला गेला नसता.

पुढे बैलांची जागा ऑइल इंजिनाने घेतली. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराने या इंजिनांवर मोठं नाव कमावलं. जुनं, लिस्टर घडणीचं सहा एचपीचं इंजिन आठवा: मोठं थोरलं चाक, मिनिटाला जेमतेम 650 फेरे, वजन तीनशे किलोच्या वर. त्याचा पीळ भरतो सुमारे 66 न्यूटन-मीटर. आता दारात उभी असलेली 125 सीसीची मोटारसायकल घ्या. तिचे एचपी अकरा, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पण ते मिळतात आठ हजार फेऱ्यांना आणि तिथे पीळ असतो फक्त दहा न्यूटन-मीटर. हे इंजिन थेट चरकाला जोडलं तर ते जागच्या जागी बंद पडेल.

यावरून 'एचपी फसवे, टॉर्क खरा' असा निष्कर्ष बरेच जण काढतात आणि तिथेच थांबतात. तो अर्धाच खरा आहे. त्याच मोटारसायकलच्या इंजिनाला बारास एक असा पट्टा-पुलीचा उतार द्या. फेरे आठ हजारांवरून साडेसहाशेच्या आसपास येतील आणि पीळ बारा पटींनी वाढून 120 न्यूटन-मीटर होईल. आता चरक जुन्या ऑइल इंजिनाच्या दुप्पट जोराने फिरेल. पीळ हवा तेवढा वाढवता येतो, फक्त त्याची किंमत फेऱ्यांत मोजावी लागते. अश्वशक्ती मात्र कुठल्याही गिअरने वाढत नाही. हिशेबाचं सूत्र एका ओळीचं आहे: न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा, 9549 ने भागा, उत्तर किलोवॅटमध्ये येतं. म्हणजे टॉर्क आणि एचपी हे दोन प्रतिस्पर्धी नव्हेतच. एक दुसऱ्याच्या पोटात आहे. विचारायचा प्रश्न असा, की कोणत्या फेऱ्यांना किती?

आता बोट पाण्यात सोडू.

उभी बोट तरंगते ती पाणी बाजूला सारून. हळू चालते तेव्हाही तसंच. चालताना ती लाटा उठवते आणि वेग वाढेल तशी त्या लाटेची लांबी वाढते. एक वेळ अशी येते, की लाटेची लांबी बोटीच्या लांबीइतकी होते. बोटीचं नाक एका शिखरावर टेकतं आणि मागचा भाग खळग्याच्या काठावर येतो. सहा मीटर लांबीच्या बोटीला हा क्षण सहा नॉट, म्हणजे ताशी 11 किलोमीटरच्या आसपास गाठतो. त्याच्यापुढे जायचं तर बोटीला स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. नाक वर होतं, समोरचं दिसेनासं होतं, मागचा भाग पाण्यात बसतो आणि इंजिन कण्हायला लागतं. हाच बोटीचा आंबा घाट.

मालवाहू जहाज, मच्छीमार ट्रॉलर, गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच हा घाट चढायच्या फंदात पडत नाहीत. पायथ्याशी राहून संथ, किफायतशीर प्रवास करायचा, हा त्यांचा धर्म. वेगवान बोट चढते. तिचा तळ त्यासाठीच सपाट किंवा उथळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो. पाण्यावर आपटून वर उचललं जाण्याची त्याची घडणच असते, नदीकाठच्या पोरांनी फेकलेल्या चपट्या दगडासारखी. वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या घरात गेला, की बोट लाटेच्या माथ्यावरून पुढे कलते, नाक खाली येतं, ओला भाग कमी होतो आणि ती पाण्यातून जाण्याऐवजी पाण्यावरून धावू लागते. इंग्रजीत याला प्लेनिंग म्हणतात, आपण पाण्यावर उठणं म्हणू. चालवणाऱ्याला तो क्षण पायाखाली कळतो. कण्हणारं इंजिन एकदम मोकळं होतं. घाटमाथ्यावर आलेल्या ट्रकासारखंच.

पण ट्रक घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढला होता. बोट चढते ती शेवटच्या गिअरमध्ये.

सगळ्या निवडीचं मूळ इथे आहे. समजा, 300 एचपीचं पेट्रोल इंजिन आहे आणि ती शक्ती सहा हजार फेऱ्यांना मिळते. घाटाच्या तोंडाशी बोट आली तेव्हा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाण्यात जखडलेला असतो आणि इंजिन जेमतेम तीन हजार फेऱ्यांवर असतं. तिथे त्याच्याकडे 300 एचपी नाहीत. पीळ सगळीकडे सारखा राहिला असं धरलं तरी फेरे निम्मे, म्हणून शक्तीही निम्मी: 150. आणि इंजिन जर असं असेल, की ज्याचा सगळा जोर वरच्या टोकाला साठलेला आहे, तर तीन हजारांना 80 एचपीही मिळतील की नाही शंका. पाटीवरचा आकडा 300, घाटात हातात 80. माणसं चार वरून आठ झाली, की अशी बोट नाक वर करून आयुष्यभर पायथ्याशीच रेंगाळते आणि पेट्रोल मात्र पूर्ण वेगाचं पिते.

म्हणून जाणकार एचपीचा आकडा ऐकून घेतात आणि पुढे विचारतात, की फेऱ्यांच्या आलेखावर पिळाची रेघ कशी आहे? मधल्या फेऱ्यांत ती भरलेली आहे का?

डिझेल आणि पेट्रोलचा वाद इथे आणून पाहा. 300 एचपीचं डिझेल, तीन हजार फेऱ्यांचं: पीळ 712 न्यूटन-मीटर. 300 एचपीचं पेट्रोल, सहा हजार फेऱ्यांचं: पीळ 356. जाहिरातीत डिझेलवाला छाती फुगवून दुप्पट टॉर्क सांगतो. पण पेट्रोल इंजिनाच्या पाण्यात बुडालेल्या पायात दोनास एक असा, न बदलणारा गिअर बसवला, की पंख्याच्या दांड्यावर दोन्हीकडे तेच: 712 न्यूटन-मीटर, तीन हजार फेरे. पाण्याला इंजिन दिसत नाही, दांडा दिसतो. खरा फरक दोन ठिकाणी उरतो. एक, खालच्या फेऱ्यांत रेघ किती भरलेली आहे. यात डिझेल बहुधा पुढे असतं, पण टर्बो जागा होईपर्यंत तेही अडखळतं. म्हणून तर व्होल्वो पेंटाने आपल्या डी6 इंजिनाला टर्बोबरोबर इंजिनानेच फिरवायचा वेगळा कॉम्प्रेसरही दिला. दुसरा फरक वजनाचा. तेवढ्याच शक्तीचं डिझेल, बोटीच्या मागे बाहेर बसवायच्या पेट्रोल इंजिनाच्या, म्हणजे आउटबोर्डच्या, दुप्पट किंवा त्याहूनही जड भरतं, आणि ज्या बोटीला पाण्यावर उठायचं आहे तिच्यासाठी प्रत्येक किलो घाटाची उंची वाढवतो. दिवसाला दहा-बारा तास चालणाऱ्या बोटीला डिझेलच हवं. तासभर वाऱ्यासारखं पळून परत यायचं असेल तर पेट्रोल. मधल्या वापरासाठी निर्णय अवघड असतो आणि तिथे माझं मत हलक्या इंजिनाच्या बाजूने पडतं.

मग थेट मोठं इंजिनच का घेऊ नये? घ्यावं, पण काय मिळेल ते जाणून. पाण्यावर उठलेल्या बोटीचा वेग ढोबळमानाने शक्तीच्या वर्गमुळाने वाढतो. जॉर्ज क्राउच या अमेरिकी नौकारचनाकाराच्या नावाने ओळखलं जाणारं एक जुनं सूत्र हेच सांगतं आणि आजही ते आश्चर्य वाटावं इतकं जवळ जातं. एक टनाची, चांगल्या तळाची बोट 115 एचपीला ताशी 66 किलोमीटरच्या आसपास जाते. इंजिन दुप्पट केलं, 230 एचपी. इंजिन आणि इंधन मिळून शंभर किलो वजन वाढलं. वेग होतो ताशी सुमारे 89. शक्ती दुप्पट, वेग पस्तीस टक्के जास्त. पण घाट मात्र आता ती सहज चढते, भरल्या बोटीनेही. माझ्या मते मोठ्या इंजिनाचं खरं देणं हेच आहे. वरच्या वेगाची हाव धरून मोठं इंजिन घेणारा निराश होतो. ओझं घेऊन उठायला म्हणून घेणारा समाधानी राहतो.

आता राहिला पंखा. मच्छीमार प्रोपेलरला पंखाच म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडतो, कारण त्यात काम दिसतं. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात: व्यास आणि पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे स्क्रू लाकडात शिरावा तसा पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाईल ते अंतर. गिअर नसलेल्या बोटीत पिच हाच गिअर. 21 इंचांचा पंखा, इंजिन सहा हजारांवर, पायातला गिअर 1.75 ला एक: पंख्याचे फेरे 3,430 च्या आसपास, कागदावरचा वेग ताशी 110 किलोमीटर. पाणी म्हणजे लाकूड नव्हे, पंखा त्यात थोडा घसरतो. बारा टक्के घसरण धरली तर उरतात 97. मोठ्या पिचचा पंखा म्हणजे पाचवा गिअर: सपाटीला वेग, घाटात हाल. कमी पिचचा म्हणजे दुसरा गिअर: झटक्यात उठेल, पण वर इंजिन फेऱ्यांची मर्यादा ओलांडू पाहील. पिच एका इंचाने बदलली, की पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे साधारण दीडशे ते दोनशेने बदलतात. लाखो रुपयांचं इंजिन चुकीच्या पंख्यामुळे नालायक ठरवलं जातं, तेव्हा खरोखर वाईट वाटतं.

बोटीला दुसरा गिअर नसतो, हे वाक्य 2021 पर्यंत आउटबोर्डच्या दुनियेत जवळपास अपवादाशिवाय खरं होतं. त्या वर्षी फेब्रुवारीत मर्क्युरीने 7.6 लिटरचं, 12 सिलिंडरांचं, 600 एचपीचं आउटबोर्ड आणलं आणि त्याला दोन गिअरची आपोआप बदलणारी पेटी दिली. घाट पहिल्या गिअरमध्ये, पुढचा रस्ता दुसऱ्यात. 1909 मध्ये ओले एव्हिनरूडने अमेरिकेत दीड एचपीचं आउटबोर्ड विकायला सुरुवात केली, तेव्हापासूनच्या या धंद्याला ट्रकाची साधी युक्ती उचलायला एवढी वर्षं लागली. कारण जागा. पाण्याखालचा पाय जितका बारीक, तितका अडसर कमी, आणि त्या बारीक पायात जास्तीचे दाते मावत नाहीत.

शर्यतीच्या बोटी या सगळ्याचं दुसरं टोक. त्यातली एक गोष्ट शाहूवाडीच्या माणसाला आपली वाटावी अशी आहे. या तालुक्यातली कडवी नदी वारणेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेत जाते. विशाळगडाच्या बाजूने येणारी कासारी पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते. आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर करत हे पाणी विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजपाशी पोचतं. 16 ते 18 नोव्हेंबर 2018 ला त्याच कृष्णेच्या पाण्यावर फॉर्म्युला वन पॉवरबोटींची जागतिक शर्यत झाली, अमरावतीच्या नावाने. सहा मीटर लांबीच्या, कार्बन फायबर आणि केव्हलरच्या या बोटी इंजिनासकट चारशे किलोच्याही आत बसतात. इंजिन अडीच लिटरचं, व्ही6, टू-स्ट्रोक, 400 एचपीच्या आसपास, तेही दहा हजारांपुढच्या फेऱ्यांना. वेग ताशी दोनशेच्या वर.

अशा इंजिनाला खालच्या फेऱ्यांत जीव नसतो. मग या बोटी उठतात कशा? एक तर वजनच नगण्य. दुसरं म्हणजे बोटीच्या तळाच्या दोन पायांमधल्या बोगद्यातून शिरलेली हवा बोटीला उचलते, घाट अर्धा हवेनेच उतरवून ठेवलेला असतो. टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं, फोर-स्ट्रोक एकाआड एक, म्हणून त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त शक्ती निघते. आयुष्य मात्र थोडं असतं. शर्यतीला ते चालतं.

त्याआधी, 3 ते 5 मार्च 2017 ला मुंबईच्या मरीन ड्राइव्हसमोर पी1 मालिकेची शर्यत झाली होती. तिथे 28 फुटी, एकाच साच्याच्या बोटी आणि प्रत्येकीला तेच 250 एचपीचं आउटबोर्ड. सगळ्यांचे एचपी सारखे, टॉर्क सारखा. मग जिंकतो कोण? इंजिनाचा कल बोटाने हलवून नाक नेमकं किती उचलायचं हे ज्याला समजतं तो, आणि लाटेवरून बोट हवेत गेली की थ्रॉटल वेळीच कमी करणारा. पाण्याबाहेर आलेल्या पंख्यावर भार नसतो, इंजिनाचे फेरे क्षणात भरमसाट चढतात आणि परत पाणी लागताच सगळा पीळ एकदम दांड्यावर आदळतो. मोठ्या सागरी शर्यतींत याचसाठी एक माणूस सुकाणू धरतो आणि दुसरा केवळ थ्रॉटल.

आणि पाण्यावरचा सर्वांत मोठा वेग? तोही एका धरणावर झाला. 8 ऑक्टोबर 1978 ला ऑस्ट्रेलियातल्या ब्लोअरिंग धरणात केन वॉर्बीने घराच्या अंगणात बांधलेली बोट ताशी 511 किलोमीटरने नेली. लष्कराच्या जुन्या सामानातलं जेट इंजिन, पंखाच नाही, त्यामुळे पाण्याला पीळ देण्याचा प्रश्नही नाही. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. मोडू पाहणारे ली टेलर आणि क्रेग आर्फन्स प्राणाला मुकले, आणि त्यांच्याआधी, 1967 मध्ये, डोनाल्ड कॅम्बेल तीनशे मैलांच्या वेगामागे असतानाच गेला.

वेगाची ही किंमत आपल्या जवळही मोजली गेली आहे. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर आदळली आणि 15 माणसं गेली. बोटीला ब्रेक नसतो. तिला थांबवायचं तेही इंजिनानेच, आणि वळवायचं तेही बव्हंशी पंख्याच्या रेट्यानेच. इंजिन हाताबाहेर गेलं की थांबणं आणि वळणं ही दोन्ही साधनं त्याच्याबरोबर जातात. म्हणून इंजिनाची चाचणी मोकळ्या पाण्यात, माणसांपासून दूर झाली पाहिजे आणि इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली असली पाहिजे.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात मात्र यांत्रिक बोट दिसते ती शर्यतीला नव्हे, महापुरात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. गुळाच्या काहिलीत बसून पाणी ओलांडणारी माणसं या जिल्ह्याने पाहिली आहेत. एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या तेव्हा त्यांच्यामागे बहुधा 40 एचपीच्या घरातलं आउटबोर्ड होतं. त्याच पुरात, 8 ऑगस्टला, सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेतलेली बोट उलटली आणि कितीतरी जणांचा जीव गेला.

पूरबोटीचं गणित शर्यतीच्या बोटीच्या बरोबर उलटं आहे. दहा माणसं बसलेली रबरी बोट घाट चढणारच नाही, हे आधी मान्य करायला हवं. साडेचार मीटरच्या तिच्या लांबीला पायथ्याचा वेग ताशी साडेनऊ किलोमीटरच्या आसपास पडतो. पुराची ओढ ताशी दहाची असेल, तर ओढीविरुद्ध ती जागेवरच राहते. अशा वेळी वेग नको, रेटा हवा. थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा भरपूर पाणी हळू फेकलं तर त्याच शक्तीत रेटा जास्त मिळतो. म्हणजे मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा पंखा आणि पायात जास्त उताराचा गिअर. रिकाम्या बोटीने झपकन जाऊन यायला दिलेला मोठ्या पिचचा पंखा परतीच्या फेरीत इंजिनाचा गळा दाबतो.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये नसते, ती आपल्या डोंगरांत असते. इंजिनाचा एचपी समुद्रसपाटीच्या हवेवर मोजलेला असतो. दर 300 मीटर उंचीला टर्बो नसलेलं इंजिन साधारण तीन टक्के शक्ती गमावतं. चांदोलीचा जलाशय सहाशे मीटरच्या वर आहे. तिथे 40 एचपीचं आउटबोर्ड 37-38 चं उरतं. रत्नागिरीत बरोबर बसलेला पंखा घाटावर एखादा इंच जड पडतो.

पुराचं पाणीही समुद्रासारखं मोकळं नसतं. खाली बुडालेला ऊस, कुंपणाच्या तारा, जलपर्णी, प्लास्टिक. पाला पंख्याला गुंडाळला की सगळा पीळ वाया. गाळ आत ओढला की थंड करणारा पंप खलास आणि दहा मिनिटांत इंजिन तापून बंद. पंख्याऐवजी जेट पंप घेतला तर पाण्यातल्या माणसाला पात्याची इजा होत नाही, हा मोठा गुण. तटरक्षक दलाच्या ताशी 83 किलोमीटरने धावणाऱ्या इंटरसेप्टर बोटी जेटवरच चालतात. पण पाचटाने भरलेल्या पाण्यात जेटची जाळी तुंबते. पुरासाठी मी पंखाच घेईन, भोवती लोखंडी कडं असलेला. कड्यामुळे थोडा वेग जातो, तो जाऊ द्यावा.

गावासाठी, तालुक्यासाठी किंवा एखाद्या मंडळासाठी बोट घ्यायची वेळ आली, तर एचपीचा आकडा पाहून सही करू नका. मे महिन्यात बोट जवळच्या तलावावर न्या. जेवढी माणसं पुरात बसवणार, तेवढ्या वजनाची वाळूची पोती भरा. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि टॅकोमीटरवर किती फेरे दिसतात ते वाचा. इंजिनाच्या पुस्तकात 5,000 ते 6,000 लिहिलं असेल आणि काटा 4,300 वरच अडकत असेल, तर इंजिन परत पाठवण्याची गरज नाही. पिच कमी करत जा, भरल्या बोटीने काटा 5,500 च्या आसपास येईपर्यंत. आणि तो पंखा सापडला, की तसाच आणखी एक विकत घेऊन पान्यासकट बोटीत बांधून ठेवा.